ट्रिगरची रुंदी आणि बोटाची जागा

एअर पिस्तूलच्या स्पर्धेआधी शस्त्रतपासणीच्या टेबलावर पिस्तूल उभं धरतात, नळी वर, आणि ट्रिगरच्या साधारण मध्यावर ५०० ग्रॅमचं वजन अडकवून ते टेबलावरून उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास. ट्रिगरची पट्टी सहा मिलिमीटर रुंद आहे की बारा, याने या तपासणीत काही फरक पडत नाही. टांगलेल्या वजनाला काही जाणवत नाही. नेमबाजाच्या बोटाला मात्र जाणवतं, आणि त्याला तेच ५०० ग्रॅम एका पट्टीवर हलके वाटतात, दुसरीवर जड.

रेंजवर नव्याने पिस्तूल घेतलेली मुलं विचारतात, "सर, ट्रिगर जड लागतोय, रुंद पट्टी बसवून घेऊ का?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. रुंद पट्टीने ट्रिगर हलका वाटतो हे खरं. त्या बदल्यात काय जातं, हे आधी समजून घ्यायला हवं. दहापैकी आठ वेळा मी त्या मुलांना सांगतो की थोडं थांब, आधी बोट कुठे टेकतंय ते बघू.

हलकं वाटण्यामागचं कारण रोजच्या अनुभवातलं आहे. भाजीची पाच किलोची पिशवी पातळ प्लॅस्टिकच्या बंदाने उचलली, तर बंद बोटांत रुततो आणि घरी पोचेपर्यंत बोटं लाल होतात. तीच भाजी रुंद कापडी पट्ट्याच्या पिशवीत असली, तर तेवढा त्रास होत नाही. वजन तेच, ते पेलणारी जागा वाढली. समजा, बोट ट्रिगरला उभ्या दिशेने १० मिलिमीटर टेकतं. पट्टी ६ मिलिमीटर रुंद असेल तर दाब ६० चौरस मिलिमीटरवर पसरतो, १२ मिलिमीटर असेल तर कागदावर तरी १२० वर. प्रत्यक्षात बोटाचं टोक गोल असल्यामुळे जागा पूर्ण दुप्पट होत नाही. कडांना बोट हलकंच टेकतं, पण फरक स्पष्ट जाणवण्याइतका असतो.

बोटाच्या पेराचा मऊ भाग ही शरीरातली फार तल्लख जागा आहे. दोन टोकं एकमेकांपासून अवघ्या दोन-तीन मिलिमीटरवर टेकवली, तरी बोटाचं टोक ती वेगळी ओळखतं. पाठीवर हीच टोकं काही सेंटिमीटर दूर न्यावी लागतात. बोटाला कडा चटकन कळतात, सपाट पसरलेला दाब त्या मानाने उशिरा. अरुंद ट्रिगरच्या दोन्ही कडा पेराच्या आत येतात. त्यामुळे तो कुठे टेकलाय आणि फर्स्ट स्टेज (ट्रिगरचा सुरुवातीचा हलका प्रवास) संपून सेकंड स्टेजची भिंत (जिथून पुढे दाबलं की ट्रिगर सुटतो) कुठे लागली, हे बोटाला नेमकं समजतं. रुंद ट्रिगरवर तीच भिंत मऊ होते. काही जणांना हा मऊपणा आवडतो, कारण बोट धास्तावत नाही आणि चाप 'आता सुटणार, आता सुटणार' असं सारखं सांगत नाही. ज्यांना भिंत स्पष्ट हवी असते, त्यांना रुंद पट्टीवर वाटतं की आपण उशीवर बोट दाबतोय. यात बरोबर-चूक नाही. पण आपण कुठल्या गटातले, हे स्वतःला माहीत असावं.

इथपर्यंत प्रश्न सोयीचा होता. आता नियंत्रणाचा.

बोट सरळ रेषेत मागे येत नाही. सांध्यातून वाकताना त्याचं टोक एक छोटी कमान काढतं. अरुंद पट्टीवर या कमानीचा फार थोडा भाग उमटतो, कारण टेकायला जागाच तेवढी असते. रुंद पट्टीवर बोटाचा मांसल भाग एका कडेकडून दुसरीकडे लोळू शकतो आणि हे नेमबाजाच्या लक्षातही येत नाही. जोर मधल्या रेषेवरून सरकला की पिस्तुलाला थोडा पीळ बसतो. ट्रिगर ज्या पिनेवर फिरतो तिच्यात जराशी ढिलाई असेल, तर पट्टीच्या कडेवर टाकलेल्या जोराने ट्रिगर बाजूलाही हलतो. पट्टी जितकी रुंद, तितकी ही ढिलाई कडेला जास्त जाणवते.

पीळ केवढा असतो, हे आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही. फोरसाइट आणि बॅकसाइट यांच्यातलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा आणि टार्गेट १० मीटरवर. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर छर्रा टार्गेटवर सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला लागतो. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, आणि त्यापुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटरची. म्हणजे जो नेम मध्यावर होता, तो सातात जातो. आणि हा एक मिलिमीटर हात हलल्यामुळे आलेला नसतो, शेवटच्या क्षणी बोटाने दिलेला असतो. हात सतत डुलत असतो, ते डुलणं दिसतं आणि माणूस ते स्वीकारतो. बोटाचा पीळ सुटण्याच्या क्षणीच येतो, त्यामुळे दिसत नाही. फॉलो थ्रू नीट केला, म्हणजे शॉट सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवला, तरच डोळ्याला तो सापडतो.

म्हणून माझं म्हणणं असं की रुंदी निवडताना 'हलकं काय वाटतं' हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा: बोट दर वेळी त्याच जागी येतं का?

याचं उत्तर शस्त्रागणिक बदलतं. एकच नियम सगळीकडे लावायला गेलं तर फसगत होते.

१० मीटर एअर पिस्तूलमध्ये ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात, घाई नाही. प्रत्येक शॉटला बोट शांतपणे जागेवर आणता येतं. इथे मध्यम किंवा अरुंद पट्टी बहुतेकांना पुरते, आणि नवोदितांसाठी तर अरुंदच बरी, कारण ती चूक लपवत नाही. बोट चुकीच्या जागी टेकलं की लगेच टोचतं, कळतं, दुरुस्त करता येतं.

२५ मीटर स्पोर्ट पिस्तूलची गोष्ट निराळी. तिथे ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. महिलांच्या या प्रकारात ३० शॉट्स प्रिसिजनचे, म्हणजे सावकाश नेम धरून, आणि ३० रॅपिडचे, म्हणजे वेगाने. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांत खाली धरायचा आणि टार्गेट समोर आलं की तीन सेकंदांत उचलून एक गोळी मारायची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. एक किलोचा ट्रिगर, तीन सेकंद आणि उचलतानाच फर्स्ट स्टेज घ्यायची. अशा वेळी अगदी अरुंद पट्टी बोटात रुतते आणि बोट आखडतं. त्यामुळे इथे रुंद पट्टी खरोखर कामाची ठरू शकते. दाब पसरतो, जोर हळूहळू चढवता येतो. पण ग्रिप हातात अशी बसलेली हवी की बोट न बघता पट्टीच्या मध्यावर येईल. ग्रिप सैल असेल तर रुंद पट्टीमुळे रॅपिडच्या सिरीजमध्ये शॉट्स आडवे पसरतात. मी हे कितीदा तरी पाहिलंय. प्रिसिजनचा ग्रुप, म्हणजे शॉट्सचा पुंजका, छान गोल, आणि रॅपिडचा ग्रुप डावीकडून उजवीकडे पसरलेला. दोष वेगाला दिला जातो, पण बोट पट्टीवर दर वेळी वेगळ्या जागी उतरत असतं.

रायफलमध्ये १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या दोन्ही प्रकारांत ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नाही. अनेक नेमबाज तो शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही हलका ठेवतात. एवढ्या हलक्या ट्रिगरवर दाब पसरवायची गरजच नसते. मग रुंदीचा उपयोग काय? फक्त जागा दाखवणं. म्हणून रायफलच्या ट्रिगरमध्ये पट्टी पुढे-मागे सरकवण्याची, कोन बदलण्याची सोय असते आणि पट्ट्यांचे आकारही वेगवेगळे मिळतात, सपाट, खोलगट, काठीसारखे गोल. थ्री पोझिशन्समध्ये ही सोय फार मोलाची. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, या तिन्ही स्थितींत मनगट वेगवेगळ्या कोनात वळतं, म्हणून बोटही ट्रिगरकडे वेगळ्या दिशेने येतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, तो हाच ५० मीटर थ्री पोझिशन्स. नेमबाजाने तिन्ही स्थितींत बोट कुठे येतं हे वेगवेगळं तपासावं. झोपून उत्तम वाटलेली पट्टी उभ्याने कडेवर टेकत असेल, तर आधी तिचा कोन बदलून बघावा. बहुतेकदा रुंदीपर्यंत जायची वेळ येत नाही.

एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलवर ज्यांनी सुरुवात केली, त्यांना अरुंद, वाकडा, जड चाप आठवत असेल. तो चाप बदलायचा नसतो, शिकायचा असतो. त्याच्या वळणामुळे बोट आपोआप एकाच जागी बसतं, हा त्याचा मोठा गुण. अशा रायफलवरून आलेल्या मुलांना मॅच रायफलची सपाट पट्टी दिली की पहिला महिना त्यांचं बोट भटकतं. त्यांना रागावू नये. आजवर वळणाने जागा दाखवली होती, आता ती बोटाने शोधायची असते.

रुंदीचा सगळ्यात स्वच्छ धडा मला जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये दिसतो. स्मिथ अँड वेसनच्या टार्गेट रिव्हॉल्व्हरवर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद, खाचा पाडलेला ट्रिगर मिळायचा. त्याच कंपनीचा दुसरा ट्रिगर ०.३१२ इंच, म्हणजे ८ मिलिमीटरच्या आसपास, गुळगुळीत आणि कडा गोल केलेला. पहिला सिंगल ॲक्शनसाठी चांगला. घोडा आधीच मागे ओढलेला असतो, चापाचा प्रवास जेमतेम, बोट जागचं हलत नाही, खाचा पकड देतात. डबल ॲक्शनमध्ये चाप लांबवर ओढावा लागतो, जोर चार-पाच किलोंपर्यंत जातो, आणि त्या प्रवासात बोट ट्रिगरवर सरकत जातं. तिथे रुंद, खाचेचा ट्रिगर बोटाला अडवतो, कडा चावतात. अरुंद आणि गुळगुळीत पट्टीवर बोट सहज घसरतं. म्हणजे बोट स्थिर राहणार असेल तर रुंदीचा फायदा, बोट सरकणार असेल तर तोटा. स्पर्धेचं पिस्तूल घेतानाही हाच प्रश्न विचारावा. आणि पोलीस किंवा सुरक्षा दलातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो: होल्स्टरमध्ये ठेवायच्या शस्त्रावर ट्रिगरवर वरून बसवायची रुंद पट्टी, जिला ट्रिगर शू म्हणतात, ती बसवू नये. ती ट्रिगर गार्डच्या बाहेर डोकावली तर होल्स्टरमध्ये शस्त्र सरकवताना अडकू शकते, आणि तो धोका कुठल्याही सोयीपेक्षा मोठा आहे.

आता घरी किंवा रेंजवर करायची तपासणी. आधी शस्त्र रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने दोनदा बघा, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवा, ड्राय फायरची, म्हणजे छर्ऱ्याशिवाय ट्रिगर सोडण्याची, सोय असेल तरच ड्राय प्रॅक्टिस करा.

ट्रिगरवर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. पट्टीच्या बरोबर मध्यावर स्केचपेनने उभी रेघ काढा आणि ती ओली असतानाच ग्रिप घेऊन, डोळे मिटून, बोट नेहमीसारखं ठेवा. बोटावर रेघ उमटेल. बोट पुसा, हात पूर्ण खाली सोडा, पुन्हा ग्रिप घ्या, पुन्हा रेघ. असं दहा वेळा. प्रत्येक वेळी मोबाइलवर बोटाचा फोटो घ्या. दहाही रेघा दोन-तीन मिलिमीटरच्या आत असतील तर तुमचं बोट जागा ओळखतं, आणि रुंदीचा विचार करायला हरकत नाही. रेघा इकडेतिकडे असतील, तर दोष पट्टीचा नाही, ग्रिपचा आहे. ग्रिप मोठी असेल तर बोट ट्रिगरपर्यंत ताणावं लागतं आणि टोकच टेकतं. लहान असेल तर बोट जास्त आत जातं, कधी सांध्यापर्यंत. लहान हाताच्या मुलींना आणि कुमार गटातल्या मुलांना क्लबाच्या पिस्तुलावर नेमका हाच त्रास होतो. तो ट्रिगर कुणा मोठ्या हाताच्या नेमबाजाने आपल्यापुरता लावलेला असतो. तिथे रुंद पट्टी मागण्याआधी पट्टी मागे सरकवून घ्यावी. पुष्कळदा तक्रार तिथेच संपते.

रेंजवर एक ढोबळ समजूत चालते. उजव्या हाताच्या नेमबाजाचं बोट कमी आत गेलं तर शॉट डावीकडे ढकलला जातो, जास्त आत गेलं तर उजवीकडे खेचला जातो. सुरुवातीला हा ठोकताळा ठीक आहे, पण पट्टी रुंद असेल तर त्यावर विसंबू नये. रुंद पट्टीवर बोटाची दिशा एक आणि टेकण्याची जागा दुसरी असू शकते, आणि दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिसळतात.

जागा पक्की झाली की दोन पट्ट्यांची तुलना करा. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर, टार्गेटशिवाय, फक्त फोरसाइटवर लक्ष ठेवून अरुंद पट्टीवर वीस आणि रुंद पट्टीवर वीस ड्राय शॉट्स. चाप सुटताना फोरसाइट कुठे उडी घेते ते बघा आणि लगेच वहीत लिहा. मग छर्रे घेऊन तेच करा, पण टार्गेट उलटं लावून, पांढऱ्या बाजूवर. गुण मोजू नका. ग्रुप आडवा किती पसरतो आणि उभा किती, एवढंच मोजा. पट्टीचा परिणाम बहुतेक आडवं पसरण्यात दिसतो. एक खबरदारी: आधी सगळे अरुंदवर आणि मग सगळे रुंदवर असं करू नका, कारण थकवा दुसऱ्या पट्टीच्या नावावर जमा होतो. पहिले दहा अरुंद, मग वीस रुंद, मग पुन्हा दहा अरुंद असा क्रम ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी उलटा.

घाम हा वेगळा विषय आहे, आणि किनारपट्टीच्या नेमबाजांसाठी महत्त्वाचा. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे मे-जूनमध्ये रुंद गुळगुळीत पट्टीवर बोट नकळत घसरतं. तिथे बारीक खाचांची पट्टी बरी, किंवा निदान दर पाच शॉट्सनंतर बोट आणि ट्रिगर दोन्ही सुती रुमालाने कोरडे करण्याची सवय हवी. थंडीत उलट. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी रेंजवर बोटं गारठतात. बधिर बोटाला रुंद पट्टी जवळजवळ कळतच नाही, अरुंद पट्टीच्या कडा निदान काहीतरी सांगतात. हात गरम केल्याशिवाय पहिला शॉट घेऊ नये, हे त्याहून महत्त्वाचं.

बसवण्याबद्दल. ट्रिगरच्या पट्टीचा बारीक ॲलन स्क्रू सैल करण्याआधी तिच्या जुन्या जागेवर पेन्सिलने खूण करा आणि बाजूने एक फोटो काढा. माझ्याकडून हे एकदा राहिलं. नवी रुंद पट्टी बसवली, आठ दिवस छान गेली, मग ग्रुप हळूहळू उजवीकडे जायला लागला. मी साइटला क्लिक देत राहिलो, दोन आठवड्यांत अकरा क्लिक. शेवटी लक्षात आलं की स्क्रू सैल होऊन पट्टी थोडी वळली होती, आणि बोट वळलेल्या पट्टीमागे इमानाने वळत होतं. साइट पूर्ववत करायला आणखी एक आठवडा गेला. त्या दिवसापासून प्रत्येक सरावाआधी मी पट्टी दोन बोटांत धरून हलवून बघतो. पाच सेकंदांचं काम आहे.

पट्टी बदलणं वेगळं आणि आतल्या यंत्रणेला हात लावणं वेगळं. कानशीने आतला सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत शस्त्र अडवून धरणारा भाग) घासून ट्रिगर 'गुळगुळीत' करून देणारी माणसं सापडतात. त्यांच्याकडे जाऊ नका. धक्क्याने आपोआप सुटणारं शस्त्र रेंजवरच्या प्रत्येकासाठी धोका असतं. क्लबाचं पिस्तूल असेल तर प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नये.

आणि वजन पुन्हा मोजा. ट्रिगर ही तरफ आहे. नवी पट्टी खालच्या बाजूला दोन मिलिमीटर लांब असली किंवा तिचा कोन बदलला, तर मध्यबिंदू सरकतो आणि तपासणीच्या टेबलावरचा आकडाही सरकतो. हातात तेच पिस्तूल जास्त हलकं वाटत असल्यामुळे हा फरक बोटाला कळत नाही. पट्टी बदलल्यावर क्लबातलं वजन घ्या, नळी सरळ वर धरा, वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवा आणि सावकाश, झटका न देता, तीनदा उचला. तिन्ही वेळा उचललं जायला हवं. एकदा जरी ट्रिगर सुटला तर वजनाचा स्क्रू थोडा आवळून दहा-वीस ग्रॅम वाढवून ठेवा आणि तो आकडा, पट्टीची रुंदी आणि तारीख सरावाच्या वहीत लिहा.